खाडीतली काळी जमीन

आमच्या वहिनीने विहिरीवर बोराटीच्या काट्या टाकल्या, तेव्हा गावाला तिने सांगितलं की वासरू पडेल म्हणून टाकल्या. गावाने विश्वास ठेवला, कारण त्या वर्षी आमच्या गोठ्यात खरंच एक वांड वासरू होतं. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं. त्या दिवशी उजाडताना दादा विहिरीच्या काठावर उभा होता. हातात दोर नाही, घागर नाही, नुसता उभा, खाली बघत. वहिनीने त्याला दंडाला धरून घरात आणलं, बसवलं, समोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ऊन अंगणात येण्याआधी विहीर झाकून मोकळी झाली. मला म्हणाली, "कोणाले बोलू नको." मी आजवर बोललो नव्हतो. आता त्या दोघांपैकी कोणीच उरलं नाही, म्हणून लिहितो आहे.

दादा माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं, मारलं, नांगर धरायला शिकवलं आणि माझं लग्न लावून दिलं ते सगळं त्यानेच. आदल्या श्रावणात गावात पटकीची साथ आली. दादाला एकच मुलगी होती, पाच वर्षांची. सकाळी ती अंगणात चिंचोके खेळत होती आणि दिवेलागणीला आमच्यात नव्हती. त्यानंतर दादा रडला नाही, जेवण टाकलं नाही, कोणावर ओरडलाही नाही. त्याने फक्त शेतात जाणं सोडलं. वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात, कपाशीला दहीभात शिंपडतात. दरसाल तो पोरीला खांद्यावर घेऊन ते करायचा. त्या वर्षी मीच कसंतरी उरकलं आणि भाताचा निम्मा घास कावळ्यांनी नेला.

आमचं गाव अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णा नदीच्या काठी. काळी जमीन अशी की पावसाळ्यात पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. विहिरींना पाणी खारं. उन्हं तापली की ढेकळांवर पांढरी खार फुटते आणि परक्या माणसाला वाटतं, इथे काय डोंबल पिकणार! पण त्याच मातीत आमची कपाशी छातीएवढी होते. तो काळ तर कापसाच्या तेजीचा. साता समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या बोंडांना असा भाव आला की लोकांनी बैलांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या काढून चांदीच्या बसवल्या. ज्याला त्याला वावर हवं होतं, आणि दादा आपल्या वावराकडे पाठ करून ओसरीवर बसून राही.

पौषात सरकारी मोजणी आली. मोजणीचा कारकून कोकणातला होता, आणि गावात बरी ओसरी आमचीच म्हणून तो आमच्याकडे उतरला. किडकिडीत माणूस, बोलायला चुरचुरीत, साखळी घेऊन बांधावरून असा ताठ चालायचा की जणू जमीन त्यानेच केली आहे. आमच्याकडे धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, सख्ख्या भावांची डोकी फुटतात. कारकुनाने दादाला विचारलं, "तुमचा धुरा कुठून धरू?" दादा म्हणाला, "धरा कुठूनही." याच धुऱ्यावरून आमच्याशी वैर धरलेला शेजारचा शेतकरी तिथेच उभा होता. तोसुद्धा खाली मान घालून म्हणाला, "असं नका करू साहेब, मी दाखवतो यांचा धुरा." शत्रूला कीव यावी, इतकं ते वाईट होतं.

जेवणं झाली की कारकून ओसरीवर बसून आपल्या गावच्या खाडीच्या गोष्टी सांगायचा. तिथे दिवसातून दोनदा पाणी येतं आणि दोनदा परत जातं. तिथे मगरी उन्हाला पडतात. तिथले मासे चिखलावर चालतात आणि झाडावर चढतात. यावर मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "कारकून, आमी खेड्यातले असलो तरी येडे नाई. मासा झाडावर काहून चढन?" तो हसला आणि म्हणाला, "शिमग्याला कोकणी माणूस घरी गेल्यावाचून राहत नाही. मी जातोच आहे. चला, दाखवतो."

मी काही बोलणार, तेवढ्यात खांबाला टेकलेला दादा म्हणाला, "पाहाले पाहिजे."

आत वहिनी ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी मी तिला गोठ्यात गाठलं. म्हटलं, "वयनी, तू विहीर झाकून ठेवली अन् आता त्याले समुद्रावर धाडतं? तिथं सगळं पाणीच पाणी हाय. त्याच्यावर कुठून काट्या टाकू मी?"

ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "माह्यावर वरडू नको," ती म्हणाली. "सहा-सात महिन्यांत त्या माणसानं तोंडानं काही मागितलं नाई. जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते. काल पैल्यांदा काही पाहावं वाटलं त्यायले. मी नाई कशी म्हणू? तू संग जाय. पाण्यापाशी एकट्याले सोडू नको. मले माणूस परत आणून दे."

एवढं मोठं ओझं त्याआधी कोणी माझ्यावर टाकलं नव्हतं. मी बावीस वर्षांचा होतो आणि मुख्य म्हणजे मला पोहता येत नव्हतं. आमच्या पूर्णेला फाल्गुनात घोट्याएवढं पाणी असतं, शिकणार कुठे?

अकोल्याला रेल्वे नुकतीच आली होती. स्टेशनात माणसांपेक्षा कापसाच्या गाठी जास्त होत्या आणि मान गाठींनाच होता, त्यांना छताखाली जागा, आम्ही उन्हात. गाडी सुरू झाली तेव्हा मी बाकाला गच्च धरलं. कारकून पानाला चुना लावत होता. दादा खिडकीतून मागे जाणारी रानं बघत होता, पण ती त्याच्या डोळ्यांत शिरत नव्हती, एवढं मला दिसत होतं. घाट उतरताना डब्यातल्या सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं. मुंबईत आम्ही थांबलो ते बंदरावर मचवा मिळेपर्यंतच. समुद्र पहिल्यांदा पाहिल्यावर माणसाला काहीतरी थोर वाटायला हवं म्हणतात. मला वाटलं, याला काठच नाही, मी राखण कशी करणार!

मचव्यात मी दादाच्या उपरण्याचं टोक माझ्या मनगटाला बांधलं. त्याने गाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सोड," म्हणाला. मी सोडली नाही. मग मला वांत्या सुरू झाल्या, आणि राखणदार मचव्याच्या कडेवर ओणवा आणि ज्याची राखण करायची तो त्याची पाठ चोळतो आहे, अशी आमची स्वारी दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी पोचली.

कारकुनाचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर होतं. आम्हाला पडवीत जागा दिली. माणसं प्रेमळ. जेवण मात्र भात, भातावर भात आणि वर तांबड्या आंबट पाण्यासारखी सोलकढी. भाकरी मागितली तर तांदळाची आली. मी दोन दिवस ते गुपचूप गिळलं, आता एवढ्या वर्षांनी लिहून मोकळा होतो.

कारकून तर तिथे ओळखू येईना. आमच्या गावी पगडी आणि अंगरख्यात वावरणारा हा माणूस घरी पोचताच कमरेला पंचा गुंडाळून बसला. सकाळी त्याने स्वतःच होडी पाण्यात लोटली, वल्हं हातात घेतलं आणि आम्हाला म्हणाला, "बसा मधोमध. हात बाहेर काढू नका." मी दादाला मधे बसवलं आणि त्याच्या धोतराचा काठ मुठीत धरला.

तो दिवस मी कधी विसरलो नाही. खाडीच्या दोन्ही अंगांना तिवरांची झाडी, हिरवीगार, आणि खाली चिखलात नुसती गजबज. लालभडक खेकडे, एक नांगी एवढीशी आणि दुसरी अंगापेक्षा मोठी. ती मोठी नांगी सगळे मिळून वर-खाली करत होते, जसं काही आम्हाला बोलावतायत. होडी जवळ गेली की सगळे एकदम बिळात, आणि पुढे सरकली की पुन्हा बाहेर. एका वळणावर चिखलात मोठं ओंडकं पडलं होतं. मी म्हटलं, "एवढं चांगलं लाकूड कोणी टाकलं वाऱ्यावर?" ओंडक्याने तोंड उघडलं. आतून पिवळट, दात बाहेर, लांबी आमच्या होडीला मागे टाकेल. मी मागच्या मागे कोसळलो तो कारकुनाच्या मांडीवर. मगर सावकाश पाण्यात घसरली आणि पाण्यावर एक रेघही उरली नाही. दादा ती गेली तिथे वाकून बघू लागला, तशी मी धोतर असं ओढलं की त्याचा काष्टा सुटला.

मग कारकुनाने होडी तिवराच्या मुळांपाशी नेली आणि बोट दाखवलं. बोटभर लांबीचे मातकट मासे, डोळे डोक्यावर बसवलेले, पुढच्या पंखांवर रेटा देत चिखलावरून चालले होते. चालले होते म्हणजे चाललेच होते. एक जण मुळावर वीतभर चढला, तिथे बसला आणि माझ्याकडे टक लावून बघू लागला. "निवटा म्हणतात याला," कारकून म्हणाला. "काय म्हणत होतात तुम्ही ओसरीवर?" मी हात जोडले. माणसाला नाही, माशालाच जोडले.

दुपार कलताना खाडी रुंद झाली. मधल्या उथळ पाण्यात पक्षी उभे होते, मोजायला बसलं तर जन्म जाईल इतके. पाय काठीसारखे, मान वाकडी, रंग फिका गुलाबी. आमच्या हरभऱ्यात हिवाळ्यात करकोचे उतरतात, पण त्यांना पाहून आम्ही गोफण शोधतो. इथे गोफणीची आठवणही झाली नाही. कारकुनाने वल्ह्याने होडीच्या काठावर टक् केलं आणि तो सगळा थवा उठला. पंखांच्या खालून असा लाल रंग निघाला की मी राखण विसरलो, धोतराचा काठ माझ्या मुठीतून सुटला, तोंड उघडं राहिलं.

पक्षी दूर जाईपर्यंत दादा पाहत होता. मग म्हणाला, "पोरीनं पाहाले पाहिजे होतं हे."

श्रावणापासून त्याच्या तोंडून तिचा उल्लेख आला तो पहिलाच. कारकून वल्हवायचा थांबला.  मी "हो" म्हणालो आणि पुन्हा त्याच्या धोतराचा काठ धरला. माझ्या मनात आनंद नव्हता, भीती होती. माणूस जायचं ठरवतो तेव्हा असंच निरवानिरवीचं बोलतो, असं मला वाटलं. पडवीत अंथरुणावर पडल्यावरही ते वाक्य मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं आणि दर वेळी त्याचा वाईटच अर्थ लागला.

तिसऱ्या दिवशी गावात देवाची पालखी नाचवायची होती. सगळं गाव तिकडे माळावर. कारकूनही सकाळपासून तिकडेच. आम्ही जेवलो आणि त्या भाताच्या गुंगीने माझा घात केला. जागा झालो तेव्हा उन्हं कलली होती, माळावरून ढोल ऐकू येत होता आणि शेजारची चटई रिकामी होती.

मी अनवाणी धावलो. किनाऱ्यावर येऊन बघतो तो खाडीत पाणीच नाही. ओहोटी लागली होती. जेवणाआधी जिथे पाणी होतं तिथे काळं सपाट मैदान उघडं पडलं होतं, पार दूर पाण्याची एक पांढरी कड, आणि त्या मैदानावर एकटा माणूस पाण्याच्या दिशेने चालला होता. पागोटं बांधून, धोतर वर खोचून, न थांबता. तो दादा होता.

 मी हाका मारल्या. वारा समुद्राकडून माझ्याकडे वाहत होता, हाक त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. मग मी शिव्या दिल्या. ज्या माणसाने मला वाढवलं त्याला मी त्या दिवशी अशा शिव्या दिल्या की बैलाला देताना जीभ अडखळेल. वहिनीला काय सांगू, हे एकच डोक्यात. पाणी अजून लांब होतं, मी धावलो तर गाठता येईल असा हिशेब करून खाली उतरणार, तेवढ्यात तो थांबला. वाकला. खालून काहीतरी उचललं, बोटांनी चुरलं, जिभेला लावलं. पुन्हा वाकला. आणि सरळ होताना अचानक बुटका झाला. मला आधी कळेचना. मग दिसलं की तो गुडघ्यांपर्यंत आत गेला आहे, आणि पाय उपसायला धडपडतो तसतसा आणखी आत जातो आहे.

तो मागे वळला. आता वारा त्याचा आवाज माझ्याकडे आणत होता.

"लहान्या! ए लहान्या! धाव! मले काढ! पाणी येऊन राहिलं रे!"

खरंच येत होतं. ती पांढरी कड मघापेक्षा जवळ होती. आणि मी काठावर उभा राहून, शपथेवर सांगतो, हसलो. रडत होतो आणि हसत होतो. तो बोलावत होता. त्याला बाहेर यायचं होतं. त्याहून अधिक मला त्या क्षणी काही नको होतं, आणि नेमका त्याच क्षणी तो हातचा जाणार असं चिन्ह होतं.

डावीकडे खडकांवर एक म्हातारी कोळीण कालवं काढत होती. ती उभी राहून ओरडली, "आरं ए पाव्हण्या, हलू नको! हललास का आत जाशील! आडवा हो, पोटावर पड!"

"आडवा कसा होऊ, पागोटं भिजन ना माहं!" दादा ओरडला.

मरणाच्या दारात उभा राहून पागोट्याची काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "फेक ते पागोटं!" मी किंचाळलो.

आमच्या रानात पावसाळ्यात गाडी रुतली की आम्ही ओढत नाही. ओढलं की चाक अधिक खाली बसतं. आम्ही बैल सोडतो, चाकाखाली पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्या सारतो आणि चाक हातानं थोडं थोडं फिरवतो. पोहता येत नव्हतं, पण हे मला येत होतं. काठावर माडाच्या विणलेल्या झापांची चळत होती, कोणाच्या तरी मांडवाची. मी चार झाप ओढले, एक पुढे टाकला, त्यावर पोटावर पडलो, दुसरा त्यापुढे सारला. म्हातारीने मला असं सरकताना पाहिलं आणि म्हणाली, "हां, तुला कळतंय." तिच्यापाशी लांब फळी होती. एक गुडघा फळीवर टेकून दुसऱ्या पायाने ती चिखलाला ढकलत निघाली आणि मी दोन झाप सरकेपर्यंत दादापाशी पोचलीसुद्धा.

मी पोचलो तेव्हा तो मांड्यांपर्यंत आत होता, छाती फळीवर टेकलेली, चेहरा राखेसारखा. पाणी दहा-बारा हातांवर. म्हातारीने मला त्याचे हात ओढू दिले नाहीत. तिने आपला हात त्याच्या पायाशी कोपरापर्यंत खुपसला, चिखल हलवला, पायाभोवती पाणी जाऊ दिलं. "एकच पाय. दुसऱ्याचं नाव काढू नको," ती म्हणत होती. पहिला पाय सुटला तेव्हा पाणी माझ्या हनुवटीशी होतं. दुसरा सुटला तेव्हा दादाचं धोतर आतच राहिलं आणि माझा भाऊ, गावात ज्याला लोक मान देऊन बोलतात तो, लंगोटावर झापांवरून काठाकडे सरपटू लागला. त्याच्या पिंढऱ्या शिंपल्यांनी कापल्या होत्या. आम्ही वर पोचलो आणि मागे वळून पाहिलं, तर मैदान नव्हतं, पाणी होतं. झाप त्यावर तरंगत होते.

म्हातारीने फळी धुतली आणि निरखून आमच्याकडे पाहिलं. "कुठले रं तुम्ही?"

"वऱ्हाडातले," मी म्हणालो.

"तिथं खाडी नाय?"

"नाई."

"मग बरोबर," ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या खडकांकडे गेली. मी तिच्या पाया पडायला धावलो, तर तिने मला ओल्या हाताने बाजूला सारलं, तिची टोपली वाहून जात होती.

मी दादासमोर बसलो आणि तोंड सोडलं. "काहून गेलता तिकडे? सांग. खरं सांग. मी वयनीले काय तोंड दाखवलं असतं?"

तो दम खात होता. त्याला माझ्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. "जमीन पाहाले गेलतो," तो म्हणाला. "अरे, काळी जमीन! काठाशी भेगा पडलेली, वरून पांढरी खार, आपल्या पूर्णेकाठी असते तशीच. म्हटलं, पूर्णेवानी पाणी हटलं, आता जमीन मोकळी. अन् काठाले खुंटं दिसली, जशी तूर कापून नेल्यावर राहतात. मी म्हटलं, इथं कोणीतरी तूर काढली हाय अन् पुढची एवढी मोठी जमीन पडीक सोडली. येडे हायत का हे लोक? म्हणून माती पाहाले गेलो. तोंडात घातली त लयच खारी निघाली. आपल्याइतकी खार असती त कपाशी झाली असती रे."

ती खुंटं तिवराची मुळं होती. श्वासासाठी चिखलातून वर येतात, असं कारकुनाने नंतर सांगितलं, आणि आम्हाला आधीच बजावायचं राहिलं म्हणून कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या चार वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं हो," तो म्हणाला. पण हे नंतर. तेव्हा मला एवढंच कळलं. सात महिने जो आपल्या वावराकडे पाहत नव्हता, तो परक्या मुलखात पडीक जमीन दिसली म्हणून बेचैन होऊन मरणात चालत गेला होता. त्याला त्या जमिनीचा राग आला होता, कोणी पेरत नाही म्हणून.

"पेरणीले किती दिवस उरले?" त्याने विचारलं.

"लय उरले. आत्ता शिमगा हाय."

"वखरणी झाली?"

"मी एकट्यानं काय काय करू?" मी ओरडलो, आणि माझा आवाज फाटला. त्याने चिखलाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. पालखीहून परतणारी माणसं वाटेने येत होती. आम्हा दोघांना नखशिखांत चिखलात पाहून त्यांना वाटलं, पाहुणे रंगात आले आहेत. ती हसत आली आणि दादाच्या अंगावर त्यांनी वरून गुलाल टाकला. दादाने तो टाकू दिला.

परतीच्या वाटेवर मी ठरवलं होतं की घरी यातलं काही सांगायचं नाही. वहिनीने एकच गोष्ट बजावली होती आणि मी नेमका तेव्हाच झोपलो होतो. गाडीत दादा खिडकीशी बसून रानांवर टीका करत आला: याने पऱ्हाट्या अजून उपटल्या नाहीत, त्याच्या बांधावर कुंदा माजला आहे. शेजारचा उतारू कंटाळून जागा बदलून गेला.  असं बोलणं ऐकायला मिळावं म्हणून मी आणखी हजार कोस गाडीत बसलो असतो.

घरी पोचलो तेव्हा वहिनी भाकरी करत होती. तिने आधी नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग त्याचे पाय. पिंढऱ्यांवरच्या जखमा वाळल्या होत्या, पण लपण्यासारख्या नव्हत्या. "हे काय झालं?" तिने मला विचारलं. मी काटेरी झुडपाचं काहीतरी सांगू लागलो.

"झूट बोलते तो," दादा म्हणाला आणि चुलीपाशी बसला. मग त्याने सगळं सांगितलं. काळी जमीन, खार, खुंटं, म्हातारीची फळी, काही म्हणून गाळलं नाही. मी झोपलो होतो, तेही. शेवटी म्हणाला, "लय भेव लागलं मले."

वहिनीचा हात परातीत थांबला. "कायचं भेव?"

"मराचं."

"पुन्हा सांगा."

"आता काय पुन्हा सांगू? मराचं भेव लागलं म्हटलं ना. पाणी अंगावर येऊन राहिलं, अन् पाय निघत नाई."

 मला वाटलं, वहिनी आता रडेल. त्याऐवजी तिने पीठ परातीत आपटलं आणि असा आवाज काढला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. अक्कल कुठी ठेवली होती तुमची? परक्या मुलखातली माती तोंडात घालता? धोतर सोडून आले? माह्या बापानं असा येडा माणूस कुठून हुडकून काढला? श्रावणापासून ती त्याला एक उणा शब्द बोलली नव्हती. जरा जोरात बोललं तर माणूस तुटेल, असं मानून ती सात महिने घरात पाय न वाजवता वावरली होती. ते सगळं साठलेलं त्या संध्याकाळी बाहेर आलं आणि बराच वेळ येत राहिलं. दादा मान खाली घालून जेवत होता. मधेच म्हणाला, "अजून एक भाकर दे." तिने ती त्याच्या ताटात फेकली आणि पुढे चालू ठेवलं.

शेजारीण कुडावरून डोकावली. घाबरून मला विचारू लागली, काय झालं, काही वाईट झालं का?

"काही नाई, मावशी," मी म्हणालो. "नवरा-बायको भांडून राहिले."